गोत्र विचारणारा कोण ?

गेल्या उन्हाळ्यांत कांहीं दिवस पांचगणीस राहण्याचा योग आला होता. एके दिवशीं सायंकाळीं फिरून परत येत असतां आमच्या मोटारवाल्यानें गाडी जरा हळू केली, एका जुन्या शाळेच्या दिशेनें बोट दाखविलें आणि म्हटलें, "साहेब, तो फ्रेडी मर्क्युरी ह्या सेंट पीटर्समध्यें शिकला बरं का. आपल्या इकडचाच म्हणायचा." त्याच्या बोलण्यांत अभिमान होता, आणि तो खरा होता. त्यानें त्या गायकाचें एखादें तरी गाणें ऐकलें असेल कीं नाहीं याची आम्हांस शंका आली. पण अभिमानाला गाण्याची गरज लागतेच असें नाहीं. मुक्कामावर आल्यावरहि "आपल्या इकडचा" हे शब्द मनांतून जाईनात. कारण ज्याच्याविषयीं ते उच्चारले गेले, त्यानें आपण कोणाच्या इकडचे आहों हें जगाला सांगण्याची उत्सुकता हयातभर फारशी दाखविली नव्हती. जग त्याला ओळखीत होतें तें त्यानें स्वतः घेतलेल्या नांवानें. त्या नांवामागचें जन्मनांव, जन्मगांव, धर्म आणि शाळा यांविषयीं तो थोडकेंच बोले, आणि तेंहि विषय पुढें ढकलण्याच्या सुरांत.

मग प्रश्न असा उभा राहतो : मनुष्य ज्या कुळांत, ज्या गांवीं व ज्या लोकांत जन्मला, तें सारें चारचौघांत कबूल करण्याचें कांहीं ऋण त्याच्या माथीं असतें काय ? आणि त्यानें तें बोलून दाखविलें नाहीं, तर त्याचें मौन असत्याच्या सदरीं मांडावें काय ? प्रश्न एका गायकापुरताच असता, तर या पृष्ठांतली जागा आम्हीं त्यासाठीं अडविली नसती. परंतु ज्याच्या गणगोतांत एकहि माणूस परदेशीं नाहीं असें मध्यमवर्गीय कुटुंब आज महाराष्ट्रांत शोधावें लागतें. आणि तिकडे गेल्यावर किती कृष्णांचे "क्रिस" व किती समीरांचे "सॅम" झाले, याची मोजदाद कोणीं केली आहे? तीं मुलें सुटींत घरीं आलीं म्हणजे आपण हंसतों, आणि त्यांची पाठ वळली कीं "नांवसुद्धां टाकलें हो" म्हणून उसासा टाकतों. त्या उसाशांत न्याय किती आणि केवळ दुखावलेला मालकीहक्क किती, हें एकदां पाहणें बरें.

ज्या वाचकांस पाश्चात्त्य रॉक संगीताचा गोंगाट सोसत नाहीं (आम्हीहि पुष्कळ दिवस त्यांतलेच होतों) त्यांच्यासाठीं थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. फरोख बुलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजीं, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांजीबार बेटांत, स्टोन टाउन या जुन्या शहरांत झाला. झांजीबार त्या वेळीं नांवानें सुलतानाचें व कारभारानें इंग्रजांचें होतें. वडील बोमी बुलसारा सरकारी नोकरींत रोखपाल, आईचें नांव जेर; दोघेंहि पारशी, घराणें मूळचें गुजरातेंतलें. १९५५ सालीं, मुलास नववें वर्ष चालू असतां, त्याला आगबोटीनें मुंबईस धाडलें गेलें आणि तेथून पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत ठेवण्यांत आलें. आठ-नऊ वर्षांचें पोर, मधें सबंध समुद्र, आणि लहानसहान सुट्यांत घर म्हणजे मुंबईंतल्या नातेवाइकांचें. हा क्रम एक-दोन नव्हे, जवळजवळ आठ वर्षें चालला. अशा मुलाला "तुझें गांव कोणतें ?" असें विचारलें असतें तर त्यानें काय उत्तर दिलें असतें, याची कल्पना आम्हांस करवत नाहीं.

पांचगणीची ती शाळा इंग्रजी वळणाची. १९०४ सालीं ती निघाली तीच मुळीं इंग्रजी "पब्लिक स्कूल"चा नमुना डोळ्यांपुढें ठेवून. तेथें प्रार्थनामंदिरांतल्या गायकवृंदांत तो गाऊं लागला, टेबल टेनिस खेळूं लागला, पियानो शिकला. रेडिओवर एकदां ऐकलेलें गाणें तो लगेच पियानोवर वाजवून दाखवी, असें त्याचे सोबती सांगत. बाराव्या वर्षाच्या सुमारास पांच मुलांनीं मिळून "हेक्टिक्स" नांवाचा ताफा काढला. त्यांत फरोख पियानो वाजवी, मुख्य गाणारा दुसराच होता ! त्याच्या वरच्या जबड्यांत चार दांत जास्त असल्यामुळें पुढचे दांत बाहेर आलेले होते, आणि मुलांनीं त्यावरून त्याला चिडवण्याचें नांवहि ठेविलें होतें. पुढें पैसा आणि वैद्य दोन्ही हाताशीं असतां त्यानें ते दांत काढविले नाहींत. आवाजाची घडण बिघडेल अशी त्याला धास्ती होती. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट आणखी एक. फरोखचा "फ्रेडी" झाला तो याच शाळेंत. शिक्षकांच्या व सोबत्यांच्या जिभेला तेंच सोयीचें पडलें, आणि घरच्यांनींहि पुढें तेंच उचललें. म्हणजे ज्या नांवबदलाचा जाब आपण त्या माणसाला विचारूं पाहतों, त्याचा पहिला अर्धा भाग लंडनांत नव्हे, सह्याद्रीच्या माथ्यावर, आपल्या सातारा जिल्ह्यांतच उरकला होता. हें मोटारवाल्याला आम्हीं सांगितलें नाहीं.

१९६३ च्या सुमारास तो झांजीबारला परतला. त्या वर्षाच्या डिसेंबरांत बेट स्वतंत्र झालें आणि महिनाभरांत, १२ जानेवारी १९६४ रोजीं, तेथें क्रांति झाली. सुलतान पळाला, अरबांची व हिंदी लोकांची जी कत्तल झाली तींत हजारों माणसें गेलीं. बुलसारा कुटुंब जेमतेम सामानानिशीं इंग्लंडांत पोंचलें व लंडनच्या पश्चिमेस, विमानतळाजवळच्या फेल्टॅम या उपनगरांत एका लहान घरांत राहूं लागलें. सतरा वर्षांचा मुलगा. तीन भूमि पाहिलेल्या, आणि तिन्हींपैकीं एकीवरहि हक्कानें पाय टेकण्याची सोय नाहीं. त्यानें ईलिंगच्या कलाशाळेंत आलेखनकलेचें शिक्षण घेऊन १९६९ सालीं पदविका मिळविली. मधल्या काळांत हीथ्रो विमानतळावर उतारूंचें सामान उचललें, केन्सिंग्टनच्या बाजारांत जुने कपडे विकले. एकामागून एक दोन-तीन वाद्यवृंद धरले व सोडले. १९७० सालीं ब्रायन मे आणि रॉजर टेलर या दोघांना तो मिळाला, मंडळीला "क्वीन" हें नांव त्यानेंच सुचविलें, आणि त्याच सुमारास बुलसारा टाकून "मर्क्युरी" हें आडनांव घेतलें. पुढच्या वर्षीं जॉन डीकन आला व चौकडी पुरी झाली. पुढचा इतिहास जगजाहीर आहे. १९७५ सालचें "बोहेमियन ऱ्हॅप्सडी" हें गाणें जवळजवळ सहा मिनिटांचें. इतकें लांब गाणें रेडिओवर कोण लावील, असें व्यवहारी लोक म्हणत असतां तें इंग्लंडांत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें. १३ जुलै १९८५ रोजीं वेम्ब्लीच्या मैदानांत, दुष्काळग्रस्तांसाठीं झालेल्या जलशांत, उण्यापुऱ्या वीस मिनिटांत त्यानें सत्तर हजारांवर माणसें एका हाताच्या इशाऱ्यानें उठविलीं-बसविलीं. आम्हीं त्या जलशाचें चित्रण पुढें पाहिलें, आणि आमच्या मनांतली रॉक संगीताविषयींची अढी त्या दिवशीं बरीच सैल झाली, हें येथें कबूल करावयास हरकत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. छांदोग्य उपनिषदांतली सत्यकाम जाबालाची कथा वाचकांच्या परिचयाची आहे. विद्येसाठीं निघालेल्या मुलानें आईला गोत्र विचारलें. ती म्हणाली, तरुणपणीं पुष्कळ ठिकाणीं सेवाचाकरी करीत असतां तूं झालास, गोत्र मला माहीत नाहीं. माझें नांव जबाला, तुझें सत्यकाम, तेवढेंच सांग. मुलानें गौतमापुढें उभें राहून शब्दास शब्द तेंच सांगितलें, आणि गौतमानें त्याला पदरीं घेतलें. इतकें सत्य बोलतो त्या अर्थीं हा ब्राह्मणच असला पाहिजे, हा गौतमाचा तर्क आज कोणास पटणार नाहीं. परंतु कथेचें तेज त्यानें कमी होत नाहीं. उलट बाजूला कर्ण आहे. आपण ब्राह्मण आहों असें परशुरामास सांगून त्यानें अस्त्रविद्या मिळविली, किड्यानें मांडी पोखरली असतां हूं कीं चूं केलें नाहीं म्हणून त्याचें बिंग फुटलें, आणि ऐन वेळीं विद्या आठवणार नाहीं असा शाप त्याला मिळाला. आपल्या नीतिशिक्षणांत या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून सांगतात : सत्यकामासारखें वागावें, कर्णासारखें वागूं नये.

परंतु या शिकवणींत एक गोष्ट हटकून वगळली जाते. कर्ण परशुरामाकडे गेला तो द्रोणाच्या दारांतून नकार घेऊन. खरें बोलण्याचें फळ काय मिळतें हें तो एकदां पाहून आला होता. सत्यकामाला गौतम भेटला. कर्णाला तो भेटला नाहीं. सत्यकामाच्या सत्याचा अर्धा वांटा विचारणाऱ्याच्या पदरांत पडतो, ही गोष्ट कथा सांगणारे विसरतात. "तुझें गोत्र कोणतें ?" हा प्रश्न दिसावयास एकच, पण आंत घेण्यासाठीं विचारणारा निराळा आणि दार लावण्यासाठीं विचारणारा निराळा.

फरोख बुलसारा ज्या इंग्लंडांत तरुण झाला, त्या इंग्लंडानें हा प्रश्न कोणत्या सुरांत विचारला हें पाहावयास फार खोल जावें लागत नाहीं. १९६८ च्या आरंभीं केनयांतील हिंदी लोकांचे लोंढे, हातांत ब्रिटिश पासपोर्ट असलेले, इंग्लंडांत येऊं लागले तेव्हां पार्लमेंटानें थोड्याच दिवसांत कायदा करून त्यांचा मार्ग अडविला. त्याच वर्षाच्या एप्रिलांत ईनॉक पॉवेलनें बर्मिंगहॅमला तें कुप्रसिद्ध भाषण केलें, आणि त्याच्या बाजूनें लंडनच्या गोदींतले कामगार मिरवणुकीनें पार्लमेंटावर गेले. सांवळा दिसेल त्याला, मग तो गुजराती असो, शीख असो कीं पारशी असो, "पाकी" या एकाच शिवीनें हांक मारण्याचा तो काळ. ईलिंगचा विद्यार्थी त्या वेळीं एकवीस वर्षांचा होता. त्यानें रंगभूमीवर उभें राहून प्रथम आपलें गोत्र सांगावें, मग गाणें सुरू करावें, अशी अपेक्षा आपण पुण्यामुंबईंत पंख्याखालीं बसून करतों, तेव्हां त्याला सत्यकाम होण्यास सांगतों. त्याच्यासाठीं गौतम कोठून आणावयाचा तें मात्र सांगत नाहीं.

आणि हा प्रश्न लंडनांतच विचारला जातो असें थोडेंच आहे ? घर भाड्यानें पाहावयास गेलेल्या तरुणाला "आडनांव काय ?" असें आपल्या शहरांतून ज्या सहजपणें विचारतात, तो सहजपणा कसला आहे हें विचारणारा जाणतो व ऐकणाराहि जाणतो. नुसतें पहिलें नांव सांगून थांबणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांना कोणी असत्यवादी म्हणेल काय ?

असत्य बोलूं नये ही एक आज्ञा, आणि असेल नसेल तेवढें सर्व सत्य विचारील त्याच्यापुढें ओतावें ही दुसरी. या दोन आज्ञा एक नव्हेत. महाभारतांत कर्णपर्वांत कौशिक नांवाच्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. चोरांनीं विचारलें म्हणून लपलेल्या माणसांची वाट त्यानें खरी खरी दाखविली, तीं माणसें मारलीं गेलीं, आणि कौशिक आपल्या सत्यासकट नरकांत गेला. लोकमान्यांच्या गीतारहस्यांतल्या कर्मजिज्ञासेच्या प्रकरणांत सत्याच्या अशा अडचणींचा ऊहापोह विस्तारानें आला आहे. पश्चिमेकडील कांट हा या बाबतींत सर्वांत कडक; दारांत मारेकरी उभा असला तरी त्याच्याशींहि खोटें बोलूं नये, असें तो म्हणतो. परंतु मनांतलें सर्व बाहेर काढण्याचें कर्तव्य असतें असें तोहि म्हणत नाहीं. अप्रामाणिकपणा आणि राखून बोलणें यांत तो भेद करतो. तेव्हां कर्णाच्या व फ्रेडीच्या वागण्यांतला फरक डोळ्यांआड करून चालणार नाहीं. कर्णानें दुसऱ्याचें कुळ सांगितलें. फ्रेडीनें स्मिथ, ब्राउन किंवा टेलर असें एखादें चालू इंग्रजी आडनांव घेतलें असतें, तर गोऱ्यांत गोरा म्हणून खपण्याची ती युक्ति झाली असती. त्यानें घेतलेलें नांव रोमन लोकांच्या एका देवाचें आहे, एका ग्रहाचें आहे, आणि हातांत न ठरणाऱ्या पाऱ्याचें आहे. तें कोणाच्याहि कुळाचें नव्हे. तें नांव सांगतें तें एवढेंच कीं, कुळाच्या रकान्यांत लिहावयास या माणसापाशीं कांहीं नाहीं, किंवा आहे तें तो लिहूं इच्छीत नाहीं.

नांव घेणें ही गोष्ट आपल्याला एवढी परकी वाटावी हेंहि नवल आहे. कृष्णाजी केशव दामले यांना आपण केशवसुत म्हणतों, राम गणेश गडकरी यांना गोविंदाग्रज म्हणतों, नारायण श्रीपाद राजहंस यांचें आडनांव किती रसिकांना चटकन आठवेल याची शंकाच आहे, ते बालगंधर्व. आपल्याकडे लग्नाच्या दिवशीं मुलीचें आडनांव व पुष्कळ ठिकाणीं पहिलें नांवहि ताम्हनांतल्या तांदुळांत पुसलें जाई, आणि त्याबद्दल तिला कृतघ्न न म्हणतां संस्कारी म्हणत. तेव्हां आपला आक्षेप नांव बदलण्याला नसून परवानगी न घेतां बदलण्याला आहे, असें म्हणणें भाग पडतें.

शिवाय "बुलसारा" हें नांव तरी काय आहे ? बुलसारचा तो बुलसारा. आपल्या "कर"कारान्त आडनांवांसारखाच हा प्रकार. आणि गांवावरून पडलेलीं आडनांवें पाहिलीं तर असें दिसतें कीं, गांव सोडल्यावांचून गांवाचें नांव माणसाला चिकटत नाहीं. सबंध वस्तीच जेथें पुणेकर, तेथें पुणेकर म्हणून कोणाला हांक मारावयाची ? म्हणजे बुलसारा हें नांवच मुळीं एका जुन्या निर्गमनाची खूण होती. कोणा पूर्वजानें बुलसार सोडलें तेव्हां तें पडलें. नातवा-पणतवानें झांजीबार आणि पांचगणी मागें टाकल्यावर तें गळालें. मौज ही कीं, इंग्रजी अमदानींत बुलसार म्हणून ओळखलेलें गांव आज वलसाड या नांवानें नकाशावर आहे, आणि झांजीबारचें चार महिन्यांचें स्वतंत्र राज्य एप्रिल १९६४ मध्यें टांगानिकाशीं जोडलें जाऊन टांझानियांत विरलें. गांवांनीं नांवें बदललीं, राज्यांनीं बदललीं; एकट्या माणसानेंच काय तें स्थिर राहावयाचें होतें !

येथवर आम्हीं त्या माणसाची वकिली केली. परंतु मौनाला दोष नाहीं म्हणून मौन पुण्य ठरत नाहीं, आणि दुसऱ्या बाजूला जें वजन आहे तेंहि तागडींत टाकलें पाहिजे. १९७६ च्या जूनमध्यें, फेल्टॅमपासून फारसें दूर नसलेल्या साउथॉलमध्यें, एका तरुण शिखाचा भर रस्त्यांत खून झाला, आणि तेथील हिंदी तरुणांची चळवळ त्यांतून उभी राहिली. त्याच वर्षीं वंशद्वेषाविरुद्ध संगीतकारांची एक आघाडीहि इंग्लंडांत निघाली. तीन महिन्यांनीं, १८ सप्टेंबरला, क्वीन मंडळीनें हाइड पार्कांत विनामूल्य जलसा केला व लाखावर माणसें लोटलीं. त्या गर्दींत साउथॉलचीं पोरें असतीलच. वर उभा राहून सबंध मैदान खेळविणारा माणूस बुलसारा आहे, तो शाळेंत आपल्यासारखाच चिडविला गेला, हीथ्रोवर त्यानें आपल्या काकामामांसारखेंच सामान उचललें, हें त्या पोरांना कळतें तर त्यांची छाती त्या रात्रीं किती फुगली असती ? हें ऋण कायद्याचें नव्हे, सक्तीचें तर नव्हेच. पण एखाद्याच्या चार शब्दांनीं दुसऱ्याचें ओझें हलकें होण्यासारखें असतां ते चार शब्द गिळले गेले, तर कोणाचें तरी कांहीं बुडालें एवढें खरें.

तथापि खरा डाग यापुढचा आहे. १९८४ च्या ऑक्टोबरांत ही मंडळी दक्षिण आफ्रिकेंतल्या सन सिटी या करमणुकीच्या नगरींत गाण्यास गेली. वंशभेदी राजवटींत जाऊन कला दाखवूं नये असें संयुक्त राष्ट्रांचें सांगणें होतें, आणि इंग्लंडांतल्या वादकांच्या संघाचाहि तोच निर्बंध होता. संघानें मंडळीला दंड केला. आम्ही राजकारणी नव्हों, ऐकावयास येईल त्याच्यासाठीं गाणारे आहों, असा बचाव मंडळीच्या वतीनें करण्यांत आला. अंध व बधिर मुलांच्या शाळेला देणगी दिल्याचेंहि सांगण्यांत आलें. देणगी खरी असेल. बचाव आम्हांस लंगडा वाटतो. कारण तें राज्य असें होतें कीं, तेथें १९५० च्या कायद्यानें प्रत्येक माणसाचें गोत्र सरकारी दप्तरांत नोंदलें जाई, आणि त्या नोंदीवरून तो कोठें राहील, काय शिकेल व कोणाशीं लग्न करील हें ठरे. बोमी बुलसाऱ्यांनीं झांजीबारहून पळतांना इंग्लंडाऐवजीं दरबान गांठलें असतें, तर त्यांच्या मुलाची नोंद हिंदी लोकांच्या सदरांत झाली असती. हा मुलगा तेथें पाहुणा म्हणून गेला, गोत्र न सांगतां गेला, आणि गाऊन आला. लंडनांत त्याचें मौन स्वतःच्या रक्षणासाठीं होतें. सन सिटींत त्याला रक्षणाची गरज नव्हती. विचारणाराच्या दारांतून आंत गेल्यावर, बाहेर तिष्ठणाऱ्यांकडे त्यानें वळून पाहिलें नाहीं. त्याच देशांत १८९७ सालीं दरबानच्या गोऱ्या जमावानें गांधीजींस मारहाण केली तेव्हां त्यांना आसरा दिला तो एका पारशी व्यापाऱ्यानें, रुस्तमजीनें. पुढें सत्याग्रहांत तो तुरुंगांतहि गेला. प्रत्येक पारशानें रुस्तमजी व्हावें असें आम्ही म्हणत नाहीं. गायकाकडून हुतात्म्याची अपेक्षा करणें हें श्रोत्याचें आळशीपण आहे. पण तेथें न जाणें एवढें तर सोपें होतें. कितीतरी गायकांनीं तें केलेंच.

एवढें बोलल्यावर आपल्या स्वतःच्या हक्काचीहि तपासणी करूं. मर्क्युरीला आपण बुध म्हणतों, आणि बुधाच्या जन्माची पुराणकथा या ठिकाणीं आठवल्याशिवाय राहत नाहीं. बृहस्पतीची पत्नी तारा चंद्रानें नेली, युद्ध झालें, ती परत आली तेव्हां गर्भवती होती. मूल जन्मलें तें असें तेजस्वी कीं, त्याला पाहतांच बृहस्पति म्हणाला माझें, आणि चंद्र म्हणाला माझें. तारेला विचारलें तर ती लाजेनें गप्प. मूल तेजस्वी निघालें नसतें तर या दोघांपैकीं कोण पुढें झाला असता, हें पुराणकार सांगत नाहींत.

फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं वारला. आपणांस एड्स झाल्याचें त्यानें आदल्याच दिवशीं जाहीर केलें होतें. तो गेल्यावर हक्क सांगणारे जमूं लागले. स्वित्झर्लंडांतल्या माँत्रो गांवीं, जेथें तो शेवटच्या वर्षांत गाणीं मुद्रित करण्यास जाई, १९९६ सालीं सरोवराच्या कांठीं त्याचा पुतळा उभा राहिला. २०१६ सालीं फेल्टॅमच्या घरावर निळी पाटी लागली. झांजीबारमध्यें २००६ सालीं त्याच्या साठाव्या जयंतीचा समारंभ योजला गेला, पण असल्या आचरणाच्या माणसाचा गौरव नको म्हणून धर्मनिष्ठ मंडळींनीं ओरड केली व तो रद्द झाला. पुढें २०१९ मध्यें तेथेंच त्याच्या नांवाचें संग्रहालय निघालें. आम्हीहि २०१८ सालीं त्याच्यावरचा चित्रपट पाहून आल्यावर पांचगणीची आठवण काढूं लागलों. पण तो ज्या रीतीनें जगला व ज्या पुरुषावर त्यानें शेवटच्या वर्षांत प्रेम केलें, तें जगणें आपल्या देशांत ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाखालीं गुन्हा होतें. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो दिवस त्याच्या जन्मतिथीच्या दुसरा. समजा, १९६३ सालीं तो आगबोटींत न बसतां मुंबईंतच राहिला असता, आणि मोठा होऊन आपलें सारें खरें खरें आपल्यापुढें बोलला असता, तर आपण गौतमाच्या जागीं बसलों असतों कीं द्रोणाच्या ? हा प्रश्न आम्ही वाचकांस टाकतों तो त्यांना शरमविण्यासाठीं नव्हे. आमचें उत्तर आम्हांसच ठाऊक असल्यामुळें.

एक गोष्ट मात्र हक्क सांगणाऱ्यांच्या गलबल्यांत ऐकूं येत नाहीं. त्याचा अंत्यविधि लंडनांत झाला तो पारशी दस्तुरांच्या हातून, अवेस्तांतल्या प्रार्थनांनीं. आईवडील समोर होते. देहाला मात्र अग्नि दिला गेला, जें पारशांच्या रूढींत बसत नाहीं. म्हणजे शेवटच्या दिवशींहि अर्धें घरचें व अर्धें आपलें असाच हिशेब त्यानें ठेविला होता. जगाला न सांगितलेलें नांव फेल्टॅमच्या घरांत शाबूत होतें. अस्थि कोठें ठेवल्या तें कोणास सांगण्यांत आलें नाहीं. तेथें तरी त्याला कोणी गांव विचारणार नाहीं.

पांचगणीहून निघण्याच्या दिवशीं तोच मोटारवाला आम्हांस वांईपर्यंत सोडावयास आला. पसरणीचा घाट उतरतां उतरतां आम्हीं त्याला नांव विचारलें. त्यानें पहिलें नांव सांगितलें, खालच्या खोऱ्यांतलें एक गांव सांगितलें, आणि थांबला. पुढचा प्रश्न आमच्या जिभेवर अगदीं संवयीनें येऊन ठेपला होता. त्यानें आरशांतून आमच्याकडे एकदां पाहिलें. आम्हीं खिडकीची कांच खालीं केली आणि धोमच्या धरणांत यंदा पाणी किती आहे, तें त्याला विचारलें.